वाकलेली गाडी सरळ करण्याआधी



मागच्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो, पुढच्या वेळी दुरुस्तीबद्दल बोलू. ते ऐकून बडोद्याच्या एका काकूंनी मला सिकंदराबादला पार्सल पाठवलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या सात मोटारी. तीन पिढ्यांच्या. एक काकूंच्या यजमानांची लहानपणची, तीन मुलांच्या, तीन नातवाच्या. सोबत चिठ्ठी होती. यजमान जाऊन वर्ष होत आलंय, वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोशेजारी त्यांची गाडी ठेवायची आहे, ती माळ्यावर उन्हाने वाकली आहे, तेवढी सरळ करून द्या. बाकीच्या सवडीने केल्या तरी चालेल.

ती गाडी मी चिंधीतून काढली आणि तशीच टेबलावर ठेवली. ऊन लागून धातू असा वाकत नाही. पण ते पुढे सांगतो.

मी फौजेत ईएमईत होतो, म्हणजे गाड्या, रणगाडे, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये गाडी आली की पहिला माणूस पाना घेऊन धावत नसे. आधी तपासणी, मग कागद, मग पाना. नव्या पोराला याचा कंटाळा येतो. मलाही यायचा. पण छोट्या मोटारींच्या बाबतीत मी जेवढं नुकसान केलं, ते सगळं तपासणी न करता पाना उचलल्यामुळे केलं, म्हणून आज सुरुवात तिथूनच.

हातातली गाडी कशाची आहे? दुरुस्तीची सगळी पद्धत या एका प्रश्नावर ठरते. साधारण तीन जाती. पहिली, जस्ताच्या मिश्रधातूची, जिला आपण डायकास्ट म्हणतो. दुसरी, प्लॅस्टिकची. तिसरी रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या द्रव प्लॅस्टिकची. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच महागड्या 1:43 आणि 1:18 मापाच्या गाड्या अशा असतात. ओळखायचं कसं? गालाला लावा. डायकास्ट गार लागते, बाकीच्या दोन लागत नाहीत. चुंबक लावा. जस्ताला तो चिकटत नाही, पत्र्याला चिकटतो. जुन्या गाड्यांचा तळ पुष्कळदा पत्र्याचा आणि वरचा सांगाडा जस्ताचा असतो. दारं, बॉनेट उघडत नसतील, गाडी बारीक कलाकुसरीची पण धातूच्या मानाने हलकी असेल, तर रेझिनचा संशय घ्या. एकाच गाडीत तिन्हीही सापडतात. 1:18 मापाच्या पुष्कळ गाड्यांना वरून धातू आणि खालून प्लॅस्टिकची चासी असते, आणि वाकते ती चासी.

आता जस्ताबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पत्रं त्याबद्दल येतात.

शुद्ध जस्त खेळण्यांना फारसं कामाचं नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 साली जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि थोडं तांबं घालून मिश्रधातूंचं एक कुटुंब तयार केलं. नाव झमाक. जर्मन भाषेतल्या जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं या शब्दांची आद्याक्षरं. हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, पोलादी साच्यात दाबाने झटकन भरतो, आणि काडेपेटीएवढ्या गाडीवरची दाराची रेघसुद्धा स्वच्छ उमटवतो. इंग्लंडात लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीने फ्रँक हॉर्नबींच्या काळात डिंकी टॉइज सुरू केली, तीही याच जातीच्या धातूवर वाढली.

पण यात एक अट आहे. शिसं, कथील, कॅडमियम हे तीन धातू आत जाता कामा नयेत. आजच्या मानकांत शिशाला मुभा आहे ती 0.005 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर किलोच्या घाण्यात पाच ग्रॅम. त्या काळच्या कारखान्यांत भंगार वितळवताना, एकाच ओतशाळेत शिशाचे नगही ओतताना, एवढंसं शिसं मिसळून जाणं काही कठीण नव्हतं. डिंकीच्या अगदी पहिल्यावहिल्या काही गाड्या तर शिशाच्याच होत्या.

मग काय होतं? धातू आतून दाण्यादाण्यांचा असतो, ज्वारीच्या राशीसारखा. ही भेसळ दाण्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसते. हवेतला दमटपणा तिथे पोचला की गंज दाण्यांच्या कडेकडेने आत शिरतो. गंजलेल्या पदार्थाला जागा जास्त लागते, म्हणून गाडी फुगते. हो, अक्षरशः वाढते. लांबी मिलिमीटरभर वाढते, तळाचा पत्रा बसेनासा होतो, चाकं मडगार्डला घासू लागतात, बॉनेट पाठीच्या कण्यासारखं वर येतं. मग रंगावर फोड, मग उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या जाळीदार भेगा, आणि शेवटी हात लावला की तुकडा पडतो. इंग्रजीत याला झिंक पेस्ट म्हणतात. पेस्ट म्हणजे चिकटवायची पेस्ट नव्हे, कीड. जस्ताची कीड. नावामुळे लोकांना वाटतं की ही एका गाडीची दुसरीला लागते. लागत नाही. एका कपाटातल्या दहा गाड्यांना एकाच वेळी झाली, तर त्या दहांच्या धातूत भेसळ होती आणि कपाट दमट होतं, एवढाच त्याचा अर्थ.

युद्धापूर्वीच्या, म्हणजे 1930 नंतरच्या दशकातल्या गाड्यांत हा आजार फार. युद्धानंतर धातूची शुद्धता कडक झाली आणि तो पुष्कळ कमी झाला. पण 1990 नंतर बनलेल्या काही मॉडेलांतही तो पुन्हा दिसला आहे, तेव्हा नवी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिंकीच्या बाबतीत एक सोपी खूण सांगतो. काही गाड्या युद्धाआधी आणि युद्धानंतर त्याच साच्यातून निघाल्या. चाकाची बशी पाहा. गुळगुळीत असेल तर बहुधा युद्धापूर्वीची. बशीवर उंचवट्याचं गोल कडं असेल तर युद्धानंतरची. चाकं कुणी बदललेली नसतील तर.

काकूंची गाडी क्रायस्लर एअरफ्लोच्या धाटणीची होती, उतरत्या नाकाची, 1938 च्या सुमारास मुंबईहून आणलेली. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या काळी हा दोष एकट्याचा नव्हता. बॉनेट कमानीसारखं वर आलेलं, छपराच्या मागे केसाएवढ्या भेगांचं जाळं, मागचा डावा मडगार्ड सुटून चिंधीत पडलेला. तुटलेली कड मी भिंगाखाली पाहिली. ताज्या तुटीला बारीक चंदेरी चमक असते. ही काळपट राखाडी होती, ओल्या सिमेंटच्या तुकड्यासारखी.

हिला दाब देऊन सरळ करायला गेलो असतो तर हातात चुरा आला असता. गरम करून उपयोग नाही, उलट उष्णतेने प्रक्रिया वेग घेते. भेगा भरून रंग दिला तर वर्षभर छान दिसते आणि मग रंगासकट फुटते. काही जण भेगांत पातळ इन्स्टंट गोंद जिरवतात. तुकडे काही काळ धरून राहतात हे खरं, पण तो गोंद पुन्हा काढता येत नाही, आणि आतली वाढ थांबत नाही. स्वतःच्या गाडीवर करून पाहायचं तर पाहा. दुसऱ्याच्या गाडीवर मी करत नाही.

फौजेत एक शिक्का असतो, बी.ई.आर. बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. गाडीच्या कागदावर तो मारताना तिचा ड्रायव्हर समोर उभा असला की त्याच्याकडे बघवत नाही. तो शिक्का मी कित्येकदा मारला. काकूंना फोन करायला मात्र मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी बाकीच्या सहा गाड्या घेतल्या.

त्यातली पहिली पाहूनच माझ्या पोटात कालवलं. कलकत्त्याच्या निकी टॉइजची जॅग्वार मार्क टेन. निकीची गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: डिंकीचे काही जुने साचे इंग्लंडहून कलकत्त्याला आले आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे त्याच गाड्या निकी नावाने निघू लागल्या. तळाशी नीट पाहिलंत तर डिंकीचं नाव खरवडून काढल्याच्या खुणा दिसतात. माझे वडील रेल्वेत, खरगपूरला. त्यांनी मला कलकत्त्याहून हीच गाडी आणली होती. डिकी उघडायची, आत सामानाच्या पेट्या. पुढे माझ्या एका बदलीत तिच्यावर ट्रंक पडली आणि पुढच्या काचेचा एक खांब आत वाकला. पठाणकोटचा जानेवारी होता. मी मेकॅनिकलची पदवी घेतलेला कॅप्टन. वाटलं, रणगाड्याचे भाग सरळ करतो, हे काय! व्हाइसमध्ये लाकडाचे दोन तुकडे घालून पक्कड लावली. टक्‌ असा आवाज आला. खांब हातात, आणि छपराला भेग.

दोन चुका होत्या. हा मिश्रधातू थंडीत ठिसूळ होतो. गोठणबिंदूच्या आसपास त्याची धक्का सोसायची ताकद झपाट्याने उतरते. आणि ओतीव वस्तू घडीव पोलादासारखी वाकत नाही. तिला एकाच दमात परत आणायला गेलं की ती मोडते.

मग योग्य रीत कोणती? गाडी आधी उघडायची. तळाशी दोन रिव्हेट असतात, सांगाड्यातूनच आलेल्या खुंट्या, डोकं चेपलेल्या. त्यांच्या डोक्याएवढ्या जाडीचं, साधारण तीन मिलिमीटरचं ड्रिल घ्या आणि हाताने किंवा अगदी मंद गतीने फक्त डोकं उडवा. पत्रा सुटला की थांबा. नंतर त्याच खुंटीत बारीक भोक पाडून, आटे पाडून, दोन मिलिमीटरचा स्क्रू बसवता येतो. काचा, सीट, चाकं सगळं काढून डबीत ठेवा, आणि काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. स्प्रिंग कुठल्या बाजूला होती हे उद्या आठवणार नाही. मला तर त्याच संध्याकाळी आठवत नाही.

उघडा सांगाडा गरम करायचा. रंग काढायचाच असेल तर सरळ उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. मूळ रंग राखायचा असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने फक्त वाकलेल्या जागेभोवती, हात लावता येणार नाही इतपत. मग चामड्याचा तुकडा गुंडाळलेल्या पक्कडीने किंवा लाकडी खुंटीने अर्धा मिलिमीटर. अर्धाच. पुन्हा गरम, पुन्हा अर्धा. दोन मिलिमीटरच्या वाकासाठी माझा तासभर जातो. कुठेही कड पांढुरकी दिसली किंवा केसाएवढी रेघ आली, की तिथे थांबायचं. नव्वद टक्के सरळ आणि अखंड खांब हा शंभर टक्के सरळ आणि तुटलेल्या खांबापेक्षा बरा.

काकूंच्या जॅग्वारचा खांब असा सरळ झाला. माझ्या गाडीचा जो तुटला होता, तो मी पुढे कित्येक वर्षांनी जोडला. तुटलेल्या दोन्ही तोंडांत 0.8 मिलिमीटरची भोकं, मध्ये गिटारच्या तारेचा तुकडा, आणि अरल्डाइट. पाच मिनिटांचं नको, सावकाश सुकणारं घ्या. ते रात्रभर घेतं पण पकड चांगली. तोंडं आधी खरबरीत करून स्पिरिटने पुसा. सुकेपर्यंत तुकडे जागेवर धरायला पोरांची मातीकामाची रंगीत क्ले उत्तम. नुसता गोंद लावून एवढ्याशा तोंडाचा जोड टिकत नाही, तार घातलीच पाहिजे. डागडुजीची खाच भरायला एपॉक्सी पुटी, मग ओल्या पॉलिश पेपरने घासणं. ओल्याच, हे लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासून तो धुरळा छातीत घेऊ नका, आणि अशी गाडी तोंडात घालणाऱ्या पोराच्या हाती तर बिलकूल देऊ नका. मग ती पणजोबांची असो.

कॉस्टिक सोड्याबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं. रंग काढायला लोक सोड्यात गाडी रात्रभर बुडवून ठेवतात. सोडा जस्तालाही खातो, ॲल्युमिनियमलाही. सकाळी काळी पडलेली, खरबरीत, अक्षरं पुसट झालेली गाडी मिळते. दुकानातलं पेंट रिमूव्हर वापरा, काचेच्या बरणीत, गच्चीवर, रबरी हातमोजे घालून. आणि जस्तावर रंग देण्याआधी एच प्रायमर लागतोच, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

पण मुळात रंग द्यायचा का? माझं मत ठाम आहे: शक्यतो नाही. चार ठिकाणी टवके उडालेली मूळ रंगाची गाडी ही चकचकीत नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा संग्राहकाला जास्त मोलाची असते. बाजारभाव सोडा, तो टवका कुणाच्या तरी हातून पडलेला असतो. मी फक्त दुरुस्त केलेल्या जागी रंग लावतो, आणि तळाच्या आतल्या बाजूला तारीख आणि काय केलं ते टोकदार पेन्सिलीने लिहितो. उद्या गाडी विकली गेली तर घेणाऱ्याला कळलं पाहिजे. दुरुस्ती लपवून मूळ म्हणून विकणं ही सरळ सरळ फसवणूक आहे, आणि आपल्या छंदात ती कमी नाही.

आता प्लॅस्टिक आणि रेझिन. इथे मात्र ऊन खरोखर गुन्हेगार आहे.

एबीएस किंवा पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. मग नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत चासी का वाकते? तीन कारणं एकत्र येतात. एक, बंद काचेच्या कपाटावर ऊन पडलं की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. दुसरं, साच्यातून निघतानाचा ताण प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला असतो, तो उष्णतेत सुटू पाहतो. तिसरं कारण लोक विसरतात. पुष्कळ गाड्या खालच्या पाटाला स्क्रूने आवळून येतात. प्रवासासाठी ते ठीक. पण आपण दहा वर्षं तसंच ठेवतो. मधोमध खेच, दोन्ही टोकं चाकांवर. दहा उन्हाळ्यांत चासी धनुष्य होते. नातवाच्या 1:18 गाडीचं हेच झालं होतं. टेबलावर ठेवली की एक चाक हवेत.

रेझिनची गाडी याहून नाजूक. कित्येक रेझिन साठ-सत्तर अंशांनाच लवचिक होऊ लागतात. तोट्याची बाजू ही की उन्हाने वाकतं, फायद्याची ही की तेवढ्याच गरमीने सरळही होतं.

रीत दोघांची एकच, तापमान वेगळं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. रेझिनला साठ ते पासष्ट अंशांचं पाणी, दोन-तीन मिनिटं. प्लॅस्टिकच्या सुट्या चासीला ऐंशीच्या पुढे. बाहेर काढून जाड काचेवर ठेवायची, हाताने सपाट दाबायची आणि दाबलेलीच थंड पाण्यात न्यायची. सगळी गोम या शेवटच्या पायरीत आहे. गरम असताना सरळ केली आणि तशीच सोडली, तर थंड होता होता ती जुन्या वाकाकडे परत जाते. किंचित उलट्या बाजूला, नखभर जास्त दाबा, म्हणजे सोडल्यावर बरोबर सरळ येते. एका खेपेत जमलं नाही तर दुसरी करा, पण पाणी आणखी तापवून घाई करू नका. रेझिन जास्त मऊ झालं की दाराच्या रेघाही चपट्या होतात. एका सुंदर रॅली कारची मी तशी जिलबी केली आहे, व्हिडिओ पाहणाऱ्यांना ती आठवत असेल.

पूर्ण जोडलेली रेझिनची गाडी पाण्यात घालू नका. तिच्यावरची पत्र्याची इवली जाळी, वायपर, आरसे बहुधा इन्स्टंट गोंदाने लावलेले असतात. गरम पाण्यात ते सुटतात, स्टिकर सुरकुततात. तिला ड्रायरची गरम हवा, तीही खालून, आणि काचेवर दाबून वरून ओलं गार फडकं.

काचांचं बोलतो आणि पुढे जातो. पारदर्शक भाग इन्स्टंट गोंदाने कधीच चिकटवू नका. त्याची वाफ बसून काच धुक्यासारखी पांढरी होते. साधा फेव्हिकॉल लावा, सुकल्यावर दिसत नाही, चुकलं तर ओल्या कापसाने निघतो. काच आधीच पांढरी झाली असेल तर दोन हजार नंबरचा पेपर ओला करून घासा, मग ब्रासो. वेळ लागतो, पण निघतं.

टायर. नातवाची दुसरी गाडी ॲक्रिलिकच्या पाटावर चिकटून बसली होती, उचलल्यावर खाली चार काळे वितळल्यासारखे खड्डे. कपाट तापलं म्हणून नव्हे. पुष्कळ टायर रबराचे नसतातच, मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात, तो वर्षानुवर्षं पाझरतो आणि ज्या प्लॅस्टिकला टेकेल त्याला विरघळवतो. पाटालाही, चाकाच्या रिमलाही. टायर मात्र सुकून कडक होतो आणि तडकतो. पाट आणि टायर यांच्यामध्ये ॲल्युमिनियम फॉइलची चकती ठेवा, नाहीतर चासीखाली लहान ठोकळा देऊन चाकं अधांतरी ठेवा. माझ्या सगळ्या गाड्या आता सर्व्हिसिंगला आल्यासारख्या ठोकळ्यांवर उभ्या आहेत. बायको म्हणते, तुझं वर्कशॉप काही सुटत नाही.

पाचव्या दिवशी मी काकूंना फोन केला. आधी सहा गाड्यांचं सांगितलं. मग एअरफ्लोचं. वाकलेली नाही, आतून फुगली आहे, सरळ करता येत नाही, केली तर तुटेल. जस्त, शिसं, दमटपणा, सगळं सांगितलं. माणूस अवघडला की जास्त बोलतो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उन्हाने नाही?"

"नाही काकू."

"मी माळ्यावर ठेवली म्हणून नाही?"

मग माझ्या लक्षात आलं की चिठ्ठीतल्या त्या एका ओळीमागे काय होतं. घराचं रंगकाम चाललं तेव्हा त्यांनी डबा माळ्यावर टाकला होता, आणि यजमान असेपर्यंत ही गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. मी खरं तेच सांगितलं. भेसळ 1938 सालीच आत होती. बडोद्याच्या पावसाळ्यांनी आणि माळ्याच्या उकाड्याने थोडी घाई केली असेल, पण कपाटात असती तरी आज ना उद्या हे झालंच असतं. तो दोष कारखान्यातून आलेला, घरातून नव्हे.

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "मडगार्ड पाठवाल ना सोबत? सुटा असला तरी?"

"पाठवतो."

वर्षश्राद्धाला नऊ दिवस होते. अशा गाडीसाठी जे करता येतं ते मी केलं, आणि तुमच्याकडे अशी असेल तर तुम्हीही एवढंच करा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, पट्टी शेजारी ठेवून, म्हणजे वर्षभराने वाढ किती झाली ते मोजता येईल. साफसफाई फक्त मऊ कोरड्या ब्रशने. पाणी नाही, तेल नाही, पॉलिश नाही. लाकडी पेटी नको आणि साधा पुठ्ठाही नको, दोन्हींतून आम्लाची वाफ निघत राहते. झाकण घट्ट बसणारी प्लॅस्टिकची पारदर्शक डबी घेतली, तळाशी पांढरा फोम, त्यात गाडीच्या आकाराची खाच कोरली, म्हणजे ती कुठल्याच एका बिंदूवर टेकत नाही. शेजारी मडगार्डसाठी छोटी खाच. फोमखाली निळ्या सिलिका जेलची पुडी.

डबी बंदच ठेवून फोटोशेजारी मांडा, उघडू नका, असं काकूंना लिहिलं. पावसाळा संपला की पुडी बघा. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर पुडी बदला, नवी मी पाठवून देईन.